बाळंतपणाच्या अलीकडे आणि पलीकडे

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. राज्यातली शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. हे यश मोठे आहे, आणि राज्याच्या कडेला कर्नाटकाला टेकलेल्या, धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्यासारख्या तालुक्यांतल्या नर्सबाईंनी आणि दारोदार फिरणाऱ्या आशाताईंनी ते कष्टाने मिळवले आहे. मात्र याच यशाआड एक उणीव झाकली गेली. बाई गरोदर राहिली की तिची नोंद होते, वजन होते, रक्त तपासले जाते, रक्तदाब पाहिला जातो. ठरल्या तारखेला ती आली नाही तर आशाताई घरी येऊन विचारते. बाळ झाले, लशी झाल्या, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले, की रजिस्टरातले तिचे पान संपते. ग्रामीण मराठवाड्यात बऱ्याच जणींचे हे पान पंचविशीच्या आसपासच मिटते. त्यापुढे तिला आणखी चाळीस-पन्नास वर्षे जगायचे असते, शेतात राबायचे असते, आणि त्या सगळ्या काळात तिला पाळी, गर्भाशय, जंतुसंसर्ग, पाळी जाण्याचे दिवस हे सारे असतेच. पान उघडण्याआधीची मुलगीही अशीच बेदखल. पहिली पाळी आल्यापासून लग्न होईपर्यंत तिच्या शरीराची चौकशी घराबाहेरचे कोणी क्वचितच करते. पुढची पाने या बाईसाठी आणि या मुलीसाठी आहेत. त्यांच्यामागचा विचार सरळ आहे: खेड्यातल्या बाईचे प्रजनन आरोग्य बिघडते याचा दोष आपण तिच्या लाजेवर आणि अडाणीपणावर टाकत आलो, पण खरे कारण हे की ती गरोदर नसताना तिला तपासणारे विश्वासाचे माणूस तिच्या जवळपास नाही.

हा मुद्दा आजचा नाही. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि सरासरी काढली तर एकेकीला तीनहून अधिक. त्याआधी ज्यांची कधी आतून तपासणी झाली होती अशा स्त्रिया शंभरात आठसुद्धा नव्हत्या. तोवर जगभरच्या आरोग्य-नियोजनात गरीब देशातली बाई म्हणजे दोनच गोष्टी होत्या: एक तर माता, नाही तर कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट. अंगावरून जाते, ओटीपोटात दुखते, कंबर धरते, अंग बाहेर येते, या तक्रारी बायकांच्या नेहमीच्या म्हणून सोडून दिल्या जात. गडचिरोलीच्या त्या आकड्यांनी ही समजूत मोडली. १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याची जी व्यापक कल्पना जगाने मान्य केली, तिला अशा अभ्यासांचा आधार होता. पण कल्पना मान्य होणे आणि उमरगा तालुक्यातल्या येणेगूर-नाईचाकूरच्या बाईला तपासणी मिळणे यांत अजून मोठे अंतर आहे.

तपासणी मिळाली नाही म्हणजे उपचार होत नाहीत असे समजू नये. उपचार होतात, आणि तेच जास्त काळजीचे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींत एक. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या होत्या. नवरा-बायकोला मिळून धरलेल्या कोयत्याचा हिशेब, आगाऊ घेतलेली उचल, पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर बसणारा दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, ही त्यामागची कारणे आता बरीच माहीत झाली आहेत, आणि ती खरी आहेत. धाराशिव जिल्ह्यातूनही ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्यामुळे हा प्रश्न शेजारच्या जिल्ह्याचा म्हणून बाजूला सारता येत नाही. तरीही सगळा भार उसावर टाकला तर एक दुवा निसटतो. पांढरे जाते, पोटात दुखते, पाळीला जास्त जाते म्हणून बाई खासगी दवाखाना गाठते, तेव्हा तिला बहुतेकदा एकच वाक्य ऐकू येते: पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. त्या एका शब्दाने नवरा दागिना मोडायला तयार होतो. जंतुसंसर्ग असेल तर गोळ्यांनी बरा होतो, जास्त रक्तस्राव औषधांनी आटोक्यात आणता येतो, हे सांगणारे दुसरे कोणी तिच्या वाटेत नसते. तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास अंगावर एकदम कोसळतात, हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि ज्या कंबरदुखीसाठी ऑपरेशन केले ती तशीच राहते.

कॅन्सरच्या या भीतीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तिचे उत्तर धाराशिव जिल्ह्यातच शोधले गेले आहे आणि ही गोष्ट जिल्ह्यातल्याच लोकांना फारशी माहीत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. बार्शीबरोबर भूम आणि परंडा हे धाराशिव जिल्ह्यातले दोन तालुके तिच्यात होते. या भागातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे हे त्या नोंदींतून दिसू लागले. मग १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक फार मोठा प्रयोग सुरू केला. गावांचे ५२ समूह केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे सौम्य अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीच्या सेवाच राहिल्या. चाचणी आयुष्यात एकदाच करायची होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. चाचणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. दोन्ही गटांतल्या बायकांची संख्या साधारण सारखी असताना मृत्यू जवळपास निम्मे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत हा पुरावा ठळक आहे. धाराशिवच्या खेड्यांतल्या बायकांनी जगाला हे ज्ञान दिले.

याच अभ्यासातला दुसरा एक आकडा मृत्यूंच्या आकड्याइतका गाजला नाही, पण माझ्या म्हणण्यासाठी तो अधिक मोलाचा आहे. चाचणीसाठी बोलावलेल्या बायकांपैकी सुमारे ८० टक्के आल्या. दुष्काळी जिल्हा, साठीपर्यंतच्या, बहुतांश शाळा न पाहिलेल्या बायका, दुखत-खुपत काहीच नाही, आणि तपासणी अशी की जिचे नाव घ्यायलाही संकोच वाटावा. तरीही शंभरातल्या ऐंशी जणी आल्या. आधी घरी जाऊन बाई माणसाने बाईला समजावून सांगितले, गावाजवळ सोय केली, तपासणारी प्रशिक्षित नर्सबाई होती, दोष आढळला तर पुढचे उपचार ठरलेले होते. ‘आमच्या बायका असल्या तपासणीला येत नाहीत’ हे वाक्य तालुक्याच्या बैठकांत आजही सहज बोलले जाते. त्याचे उत्तर वीसहून अधिक वर्षांपूर्वी या जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. लाज आहे, ती कोणाला नसते? पण लाजेच्या पलीकडे जायला बाईला जी कारणे लागतात ती पुरवायची जबाबदारी व्यवस्थेची आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. याचे खापर लाजेवर फोडणे अन्यायाचे आहे.

या प्रयोगावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. चाचणीने फायदा होईल असे वाटत असताना हजारो बायकांचा एक गट चाचणीविना का ठेवला, असा प्रश्न देशातल्या आणि परदेशातल्या डॉक्टरांनी विचारला. तुलनेशिवाय खात्री होत नाही आणि तेव्हा गावांत अशी चाचणी कोणालाच मिळत नव्हती, हे संशोधकांचे उत्तर. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. मात्र त्या आक्षेपातून जे कर्तव्य निघते त्याबद्दल दोन्ही बाजूंचे दुमत होऊ नये: ज्यांच्या शरीरांवरून हे ज्ञान मिळाले, त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईपर्यंत ते सर्वांत आधी पोचायला हवे. दुसरा आक्षेप खर्चाचा. एचपीव्ही चाचणी महाग आहे, प्रयोगशाळा लागते, हे खरे. पण विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. म्हणून पस्तिशीच्या आसपास एकदा आणि पुढे दहा वर्षांनी एकदा, एवढी चाचणीही पुष्कळ काम करते. शिवाय नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. आणि चाचणी येईपर्यंत हात बांधून बसायचेही कारण नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने उस्मानाबादेत एका फेरीत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, पण टाटा रुग्णालयानेच मुंबईच्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी ही पाहणी केली तेव्हा ते ३१ टक्के घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. साधी पद्धत नेमाने वापरली तर उपयोगी पडते. एका गोष्टीची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो. ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावरून घरात बाईच्या चारित्र्याची चर्चा सुरू झाली, तर पुढची बाई तपासणीला येणार नाही. निकाल कोणाला, कुठे, कोणत्या शब्दांत सांगायचा याचे शिक्षण नर्सबाईला चाचणीच्या शिक्षणाइतकेच मिळाले पाहिजे.

किशोरवयीन मुलींकडे वळले की पुरावा तितकाच जवळचा आहे. याच जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या १,०१० मुलींच्या रक्ताची तपासणी करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८७ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिनची सरासरी १०.१ होती, निरोगी मुलीत ते १२ च्या वर हवे. ही मुलगी पहाटे पाणी भरते, भाकरी थापते, एसटी धरून शाळेत जाते, आणि दर महिन्याला तिचे रक्त जाते. ते किती गेले तर जास्त समजायचे हे तिला कोणी सांगितलेले नसते. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या शाळेतून २०१२ पासून दिल्या जातात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, पोट रिकामे नसावे, शौचाला काळे होईल ते घाबरण्यासारखे नाही, एवढे कोणी समजावले नाही तर गोळी खिडकीबाहेर जाते. पॅडचा प्रश्न गेल्या काही वर्षांत बराच सुटला. २०१८ च्या अस्मिता योजनेने ते बचत गटांमार्फत गावात आणले. पण पाळीच्या आरोग्याची चर्चा पॅडपाशीच थांबली. पाळी तीन-तीन महिने येत नाही, आली की दहा दिवस राहते, दुखून उलट्या होतात, या तक्रारी घेऊन मुलीने कुठे जायचे? राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. मुरूम किंवा उमरग्याला एकटीने जाऊन त्या खोलीच्या दारात उभे राहायचे, तर रांगेतल्या ओळखीच्या चेहऱ्यांना काय सांगायचे, हा मुलीपुढचा प्रश्न कार्यक्रमाच्या कागदात नाही.

आणि मग लग्न. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. परभणीत ४८, बीडमध्ये ४३.७ टक्के. धाराशिवही राज्याच्या सरासरीच्या बरेच वर आहे. आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण दहावीनंतरचे शिक्षण दूर, एसटी बेभरवशाची, आपण सहा महिने ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला जाणार, मागे वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही त्यांची भीती खरी आहे. ती भाषणाने जात नाही, वसतिगृहाने जाते. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, पण त्याच्यापाशी नोटीस आहे, मुलीच्या राहण्याची सोय नाही. त्यातून एक नवी अडचण उभी राहिली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असल्याचे कळले की डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक झाले. कायद्याचा हेतू मुलीला वाचवण्याचा आहे. परिणाम पुष्कळदा असा होतो की सतरा वर्षांची गरोदर सून सरकारी दवाखान्याकडे फिरकत नाही, खोटे वय सांगते, किंवा कुठल्या तरी अंधाऱ्या जागी गर्भ पाडून घेते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. गर्भपाताच्या कायद्यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. हे तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरला आणि आशाताईला ठाऊक असायला हवे, कारण ज्या कायद्याने दार उघडते तो माहीत नसेल तर दार बंदच राहते.

मुलींशी या विषयांवर बोलले की त्या बिघडतात, हा आक्षेप जुना आहे आणि मनापासून घेतला जातो. २००७ मध्ये याच कारणाने महाराष्ट्रातल्या शाळांमधले किशोरवयीन शिक्षण थांबवले गेले. युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा अशा शिक्षणाने शरीरसंबंध लवकर सुरू होतात असे आढळले नाही. उलट धोके टाळण्याची समज वाढलेली दिसली. पण आकडे बाजूला ठेवले तरी आक्षेपातली विसंगती दिसते. आपण ज्या मुलीशी सोळाव्या वर्षी शरीराबद्दल बोलायला तयार नसतो, तिला सतराव्या वर्षी सासरी पाठवायला तयार असतो. आणि आता माहिती न देण्याचा पर्यायच उरलेला नाही. मोबाईल घराघरात आहे. त्यातून मुलांना जे दिसते ते शिक्षण नव्हे, आणि त्याला उत्तर देणारा दुसरा आवाज घरात नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने वकिली केली. ही मराठी समाजातलीच परंपरा आहे. बाहेरून आणलेले काही नाही.

पुरुषांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनी नसबंदी करून घेतली आहे. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नाही, आणि पुरुषाची शस्त्रक्रिया तर कितीतरी सोपी. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतुसंसर्गात बाईला गोळ्या दिल्या आणि नवऱ्याला दिल्या नाहीत, तर महिन्याभरात ती पुन्हा तीच तक्रार घेऊन येते. तिसऱ्या वेळी तिला ऑपरेशन सुचवले जाते. पिशवी काढण्याची वाट पुष्कळदा अशी नवऱ्याच्या न घेतलेल्या गोळ्यांपासून सुरू होते.

हे सारे उमरग्यासारख्या ठिकाणी होईल का, असे विचारणाऱ्यांनी या भागाचा अलीकडचा इतिहास पाहावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने औसा आणि तेव्हाचा उमरगा तालुका उद्ध्वस्त केला. पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. घर कसे बांधावे, पैसा कुठे गेला, हे त्या विचारू लागल्या आणि पुढे त्यांतूनच आरोग्याची कामेही निघाली. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने अल्पशिक्षित बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून गावात ठेवले, तेव्हा आशा योजना यायला अजून बरीच वर्षे होती. दोन्ही ठिकाणी अनुभव सारखा आला: गावातल्याच बाईवर भरवसा टाकला आणि तिला नीट शिकवले, तर बाकीच्या बायका तिच्याकडे येतात. आज प्रत्येक गावात आशाताई आहे आणि अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. नवी इमारत बांधायची नाही, नवे पद काढायचे नाही. आशाताईच्या मानधनाचा एक भाग कामागणिक ठरतो, आणि गरोदर नसलेल्या बाईची चौकशी हे त्यात वजनाचे काम नाही. ते तसे धरले गेले पाहिजे. महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी, आठवडी बाजाराच्या वारी, उपकेंद्रात पडद्याआड तपासणी व्हावी, तपासणारी बाईच असावी. आलूर-मुरूमकडच्या गावांत ती कन्नड जाणणारी असावी, बंजारा तांड्यावर गोरमाटी बोली जाणणारी सोबत असावी. पिशवी काढायला सांगितलेल्या प्रत्येक बाईला उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत विनामूल्य मिळावे, आणि ते मिळाल्याशिवाय विम्याच्या योजनेतून त्या शस्त्रक्रियेचा पैसा सुटू नये.

पुढच्या प्रकरणांचा क्रम पाळी, रक्तक्षय, गर्भनिरोध, गर्भपात, जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखाची तपासणी, पाळी जाणे असा आहे. वाचणाऱ्या आशाताईने, अंगणवाडीताईने, शिक्षिकेने तो क्रम पाळायची गरज नाही. समोरची बाई ज्या तक्रारीने बोलायला सुरुवात करील, ते प्रकरण आधी उघडावे.